धबधब्याचं पाणी कसं वाचायचं?

(नागापूर येथे पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय तसा आनंदाचा आहे. पाऊस सुरू झाला की आपल्या नागापुरातून आणि एमआयडीसीतून सुट्टीच्या दिवशी गाड्या निघतात. काही जण जवळच डोंगरगणच्या बाजूला जातात. बाकीचे मनमाड रस्त्यानं राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याला पोहोचतात. दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. मोटारसायकलवर दोघं-तिघं, जीपमध्ये दहा-बारा, डबे बांधून घेतलेले, पोरं खिडकीतून डोकं बाहेर काढून. वर्षभर मशीनपुढं उभं राहणाऱ्या माणसाला एक दिवस पाण्याखाली उभं राहावंसं वाटलं तर त्यात वावगं काहीच नाही. म्हणून आम्ही इथं 'जाऊ नका' हे सांगायला आलेलो नाही. जायचंच आहे, तर समोरचं पाणी काय सांगतंय हे वाचता यावं, एवढ्यासाठी हे बोलणं आहे.

कारण हा आनंद दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी दुःख घेऊन येतो. 30 जून 2024, रविवार. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या ओढ्यात एका कुटुंबातली माणसं खडकावर उभी होती. वरून लोंढा आला. एकमेकांना धरून ती सगळी मध्यभागी अडकली आणि काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. पाच जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलं होती. त्याचं चित्रण आपल्यापैकी बहुतेकांनी मोबाइलवर पाहिलेलं आहे. पाहिल्यावर सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: ती माणसं आधीच का निघाली नाहीत? त्याचं उत्तर असं की, निघायची वेळ झाली आहे हे पाणी सांगत असतं, पण ती भाषा आपल्याला शिकवलेली नसते. आपण त्या भाषेची बाराखडी आज गिरवू.

एकाच जिल्ह्यातले दोन पाऊस

आपला अहिल्यानगर जिल्हा मोठा गमतीचा आहे. नगर शहरात वर्षाकाठी साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस होतो. आणि याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला, चांगल्या वर्षी चार-पाच हजार मिलिमीटर होतो. म्हणजे सात-आठ पट! अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच रिकामे होतात. आपल्यापर्यंत येतात ते उरलेसुरले. म्हणून आपण पर्जन्यछायेतली माणसं.

याचा धबधब्याशी काय संबंध? फार जवळचा आहे. पावसाबद्दलचा आपला सगळा अंदाज आपल्या आभाळावरून तयार झालेला असतो. सकाळी नागापुरात ऊन पडलं की आपण म्हणतो, 'आज काही पाऊस नाही.' पण ते ऊन नागापूरचं आहे. राजूरच्या पुढं गेल्यावर दुसरंच आभाळ सुरू होतं. आणि तिथं पोहोचल्यावरसुद्धा आपण उभे असतो त्या जागी पाऊस आहे की नाही, याला फारसा अर्थ नसतो. धबधब्यात येणारं पाणी वरच्या डोंगरावर पडलेलं असतं. तो डोंगर बहुतेक वेळा धुक्यात असतो आणि आपल्याला दिसतच नाही.

आता थोडं गणित करू. समजा, एखाद्या लहानशा धबधब्याच्या वर फक्त एक चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र आहे, आणि तिथं तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला. घाटमाथ्यावर हे काही नवलाचं नाही. एक चौरस किलोमीटरवर 50 मिलिमीटर म्हणजे पाच कोटी लिटर पाणी. खाली कातळ आहे, माती आधीच भिजून तट्ट झालेली आहे, तेव्हा यातलं सत्तर टक्के पाणी वाहून येतं असं धरू. ते तासाभरात खाली आलं तर सेकंदाला जवळजवळ दहा हजार लिटर होतं. आपण टँकरचे लोक आहोत, तेव्हा टँकरच्या भाषेत सांगतो: दर सेकंदाला दहा हजार लिटरचा एक टँकर तुमच्या डोक्यावर ओतला जातोय. आणि हा हिशोब सरासरीचा आहे, लोंढ्याचा माथा याहून मोठा असतो. अर्ध्या-पाऊण तासापूर्वी याच जागी पोरं गुडघाभर पाण्यात खेळत होती!

धबधबा तयार कसा होतो

सह्याद्रीचा डोंगर म्हणजे लाव्हाच्या थरांची चळत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे थर एकावर एक साचले. सगळे थर सारखे नाहीत. काही काळे, घट्ट, टणक. काही भुसभुशीत, बारीक भोकांचे. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लालसर मातीसारखा पट्टाही दिसतो. नदी वाहताना मऊ थर लवकर झिजतो आणि टणक थर मागं राहतो. त्या टणक थराच्या कडेवरून पाणी खाली पडायला लागलं की झाला धबधबा.

पडणारं पाणी पायथ्याशी खड्डा करतं. त्याला आपण कुंड किंवा डोह म्हणतो. पाणी उसळून मागच्या मऊ थरावर आपटतं, तो आतून पोखरला जातो आणि वरचा टणक खडक छज्जासारखा पुढं आलेला राहतो. एक दिवस त्या छज्जाचा तुकडा कोसळतो. असं करत करत धबधबा हजारो वर्षांत मागं मागं सरकतो. म्हणजे धबधबा ही खडक झिजायची आणि कोसळायची जागा आहे. तिथं दगड पडणं हा अपघात नाही, ते त्या जागेचं नेहमीचं काम आहे. आणि पडणारा दगड कसा येतो? दहा मीटर उंचीवरून सुटलेला दगड खाली पोहोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी 50 किलोमीटर झालेला असतो. नारळाएवढा दगड पाण्याबरोबर आला तर तो वेगळा दिसतही नाही. म्हणून धारेच्या बरोबर खाली डोकं धरून उभं राहायचं नाही. बाजूला बसलं तरी भिजायला होतंच.

पाणी खडकाचं काय करू शकतं हे बघायचं असेल तर आपल्याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या निघोजला जा. कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे अडकले, गरागरा फिरत राहिले आणि त्यांनी कातळात रांजणाएवढी भोकं पाडली. उन्हाळ्यात आपण ते कौतुकानं बघतो. पण विचार करा, धबधब्याच्या कुंडाच्या तळाशीही अशा खाचा, कपारी, खळगे असू शकतात, आणि वरून ते दिसत नाहीत. भोवऱ्यानं जिथं कातळ कोरला, तिथं माणसाच्या पायाचं काय होईल?

विहिरीतलं पोहणं आणि वाहतं पाणी

आता जरा अवघड जागेचं बोलतो. आपल्या भागात पोहायला शिकतात ते विहिरीत. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून काकांनी ढकलून दिलं की पोरगं शिकलंच. असा गडी तीस-तीस फुटांवरून विहिरीत सूर मारतो. त्याला वाटतं, आपल्याला पाण्याची भीती नाही. त्याचं खरंही आहे, पण त्या पाण्यापुरतं. विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं. तिथं माणूस हालचाल करतो, पाणी करत नाही.

वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ढोबळ हिशोब सांगतो. गुडघ्याइतकं पाणी आहे आणि ते सेकंदाला एक मीटर वेगानं, म्हणजे आपण रमतगमत चालतो तसं, वाहतंय. दोन्ही पायांवर मिळून सात-आठ किलोचा रेटा बसतो. माणूस सहज उभा राहतो. तेच पाणी सेकंदाला दोन मीटरनं वाहू लागलं की रेटा तीस किलोवर जातो. कमरेइतकं झालं की साठ किलो. शिवाय कमरेपर्यंत बुडालं की पाणी शरीर उचलून धरतं, पायावरचं वजन निम्म्यावर येतं आणि पायाची पकड सुटते. खाली शेवाळलेला कातळ असतो. सांगा बरं, ताकद कुठं लावायची?

आणि जे पाणी तुमच्या गुडघ्याला आहे, ते चार वर्षांच्या लेकराच्या कमरेला आहे. त्यामुळे 'फक्त गुडघाभरच तर आहे' हे वाक्य घरातल्या सगळ्यांत लहान माणसाच्या गुडघ्यावरून बोलायचं.

कुंडात आणखी एक फसवणूक असते. धार पडते तिथलं पाणी पांढरं, फेसाळ दिसतं. त्यात हवा मिसळलेली असते, म्हणून ते हलकं असतं आणि माणसाला नीट तरंगवत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा तिथं खाली जातो. वर येऊ पाहावं तर पडणाऱ्या धारेनं तयार झालेला भोवरा पुन्हा धारेखालीच ओढतो. विहिरीतली विद्या इथं कामाला येत नाही.

रंधा आणि दोन घड्याळं

आता भंडारदऱ्याकडे वळू. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते. शेंडी गावाजवळ तिच्यावर इंग्रजांनी धरण बांधलं. काम 1910 साली सुरू झालं आणि 1926 साली पुरं झालं. त्याला विल्सन धरण म्हणतात, साठवण सुमारे अकरा टीएमसी. धरणाच्या पायाशी 'अंब्रेला फॉल' आहे. धरणातून सोडलेलं पाणी खडकावर पडून छत्रीसारखं पसरतं, म्हणून ते नाव. म्हणजे हा धबधबा धरणातून पाणी सोडलं तरच चालू असतो. तिथून दहा-एक किलोमीटर खाली घोरपडादेवीच्या मंदिराजवळ रंधा धबधबा आहे. तिथं प्रवरा सुमारे 170 फूट खोल दरीत उडी घेते.

रंध्याचं वैशिष्ट्य लक्षात ठेवा. त्याला दोन घड्याळं आहेत. एक पावसाचं आणि दुसरं धरणाच्या दारांचं. धरण साधारण 15 ऑगस्टच्या सुमाराला भरतं, असा जुन्या लोकांचा ठोकताळा आहे. भरलं की पाणी सोडावं लागतं. त्या दिवशी लख्ख ऊन असेल, आजूबाजूला एक थेंब नसेल, तरी खाली पूर असू शकतो. वर्तमानपत्रात आपण वाचतो, 'भंडारदऱ्यातून इतके क्युसेक विसर्ग'. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. हजार क्युसेक म्हटलं की सेकंदाला जवळजवळ तीन टँकर. दहा हजार क्युसेक म्हटलं की अठ्ठावीस टँकर, दर सेकंदाला! ही बातमी फक्त शेतकऱ्यांसाठी नसते. सहलीला निघणाऱ्यानं ती आधी वाचायची असते. विसर्ग वाढवायच्या आधी नदीकाठाला सावधानतेचा इशारा दिला जातो. भोंगा ऐकू आला तर ते उठून वर जायचं सांगणं आहे, तो चित्रीकरणाचा मुहूर्त नव्हे.

रंधा कठड्याच्या आतून बघायचा धबधबा आहे. त्याच्या खाली उतरून न्हायचं नसतं. जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर या बाजूला, पावसात कड्यावरून कितीतरी धारा उतरतात. तिथं भिजायला जागा मिळते. पण हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. 1986 साली ते जाहीर झालं. म्हणजे आपण कुणाच्या तरी घरात पाहुणे म्हणून गेलेलो असतो. साम्रदची सांदण दरी पावसाळ्यात बंद ठेवतात. ती दोन कड्यांमधली चिंचोळी भेग आहे. पाणी आलं तर बाजूला सरायला जागाच नाही. 'थोडंसं आत जाऊन येतो' याला तिथं अर्थ नाही.

पाण्याच्या पाच खुणा

आता मुख्य मुद्दा. पाणी वाढायच्या आधी काय सांगतं?

पहिली खूण रंगाची. नितळ पाणी अचानक गढूळ, चहासारखं झालं, तर वर कुठंतरी जोराचा पाऊस झाला आहे. दुसरी, पाण्याबरोबर पानं, काटक्या, गवताच्या काड्या जास्त येऊ लागल्या, तर वरचा ओढा काठ धुऊन आणतोय. तिसरी आवाजाची. धारेचा आवाज खर्जात गेला, घुमू लागला किंवा दगड घरंगळल्यासारखी गडगड ऐकू आली. गाणी जोरात लावली की ही खूण आपण स्वतःच पुसून टाकतो. चौथी, पातळीची. पोहोचल्याबरोबर पाण्याच्या कडेचा एक दगड हेरून ठेवा आणि दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघा. तो बुडाला की निघायचं. पाचवी खूण डोंगराची. माथा काळा झाला, वीज दिसली, तर खाली ऊन असलं तरी उठायचं.

यातली एकही खूण दिसली की चर्चा करायची नाही. चपला, डबे, मोबाइल गोळा करत बसायचं नाही. ओढ्याच्या कडेनं खाली पळायचं नाही, कारण पाणी आपल्यापेक्षा जोरात पळतं. सरळ बाजूला, चढावर जायचं. म्हणून बसतानाच अशी जागा निवडा की ओढा न ओलांडता गाडीकडे परतता येईल. मधल्या खडकावर, बेटासारख्या जागी बसणं फोटोला छान असतं, पण पाणी वाढलं की दोन्ही बाजू बंद.

कुणी वाहून जाऊ लागलं तर

सगळ्यांत जड प्रसंग हा. भावाच्या मागं भाऊ उडी टाकतो आणि दोघंही जातात. आपल्याकडच्या बातम्यांत हे पुन्हा पुन्हा येतं. उडी टाकायची नाही, हे घरूनच ठरवून निघायला हवं, कारण त्या क्षणी मन ऐकत नाही. काठावर पक्कं बसून किंवा आडवं होऊन दोर, लांब काठी, एकमेकांना बांधलेल्या ओढण्या, काहीही पुढं करा. बूच लावलेला रिकामा कॅन फेकला तरी धरायला आधार होतो. एकानं पाण्यातल्या माणसावर नजर ठेवायची, दुसऱ्यानं 112 ला फोन लावायचा, तिसऱ्यानं गावातल्या माणसांना हाक मारायची. या दऱ्यांत रेंज जाते-येते, म्हणून रेंज शेवटची कुठं होती हे येतानाच बघून ठेवा.

आणि आपणच पाण्यात गेलो तर? पाण्यात उभं राहायची धडपड करू नये. पाय खडकाच्या फटीत अडकला तर प्रवाह वरून दाबतो. पाठीवर पडायचं, पाय पुढं, पाणी वाहतंय त्या दिशेला. मग हातानं तिरकं वल्हवत काठाकडे सरकायचं.

कुणाचं पाणी?

शेवटी एक गोष्ट. नगर शहराला प्यायचं पाणी मुळा धरणातून येतं. ती मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूच्या डोंगरांतून उतरते. रंध्यावरून कोसळणारी प्रवरा पुढं अकोले, संगमनेर, राहुरीची शेती भिजवत, नेवाशावरून जात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. म्हणजे या डोंगरातल्या ओढ्यांत जे टाकून आपण येतो, ते या खोऱ्यातल्याच कुणाच्या तरी शेतात, कुणाच्या तरी हंड्यात जातं. तिथली महादेव कोळी आणि ठाकर मंडळी पावसाळ्यात भाताच्या खाचरात चिखलात उभी असतात. फुटलेली बाटली आपण ओढ्यात टाकतो आणि ती त्यांच्या अनवाणी पायात जाते. त्याच माणसांना आपण 'पाणी कधी वाढतं हो?' असं आधी विचारलं, तर ती आपल्याला वाचवतात. त्यांच्याकडे जेवा, त्यांचा वाटाड्या घ्या. दोघांचंही भलं होतं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न: सर, बंदी घातली की लोक चोरून जातात. मग बंदीचा उपयोग काय?*

दादा, प्रश्न रास्त आहे. 2023 च्या जुलैत दूधसागरला बंदी असताना शेकडो जण रेल्वेमार्गानं चालत निघाले, तेव्हा काही जणांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. लोक हसले, पण गर्दी काही कमी झाली नाही. आमचं मत असं की, धोका वाढतो तेवढ्या दिवसांची आणि तेवढ्या जागेची बंदी हवी, आणि तिचं कारण फलकावर साध्या मराठीत लिहिलेलं हवं. 'प्रवेश बंद' वाचून माणूस चिडतो. 'वर पाऊस झाला की इथं अर्ध्या तासात पाणी डोक्यावर जातं' हे वाचून तो थांबतो.

*प्रश्न: कंपनीतल्या पोरांबरोबर जातो. एक जण घाबरला की बाकीचे चिडवतात. काय करायचं?*

हा आजचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. कारखान्यात मशीन थांबवायचं लाल बटण असतं. ते कुणीही दाबू शकतो, कालचा शिकाऊ पोरगासुद्धा, आणि दाबल्यावर त्याला कुणी हसत नाही. तोच नियम सहलीला लावा. निघतानाच ठरवा: एक जण जरी 'चला' म्हणाला, तरी सगळे पाण्याबाहेर. कारण नंतर विचारायचं, चहा पिताना.

*प्रश्न: मुलांना न्यावं की नाही?*

जरूर न्यावं, ताई. आपल्या मुलांनी वर्षातले आठ महिने कोरडी सीना बघायची आणि वाहतं पाणी फक्त मोबाइलवर, हे बरं नाही. पण मूल कुणाच्या ताब्यात, हे नाव घेऊन ठरवा. 'सगळे बघतायत' म्हणजे कुणीच बघत नाही. आणि पोहोचल्यावर तो पाण्याकडेचा दगड हेरायचं काम मुलांनाच द्या. दर दहा मिनिटांनी ती बरोबर ओरडून सांगतील, दगड दिसतोय की बुडाला.